पुरे गं आता

पन्नाशी ओलांडलेल्या एका माणसाच्या हृदयात, डाव्या कप्प्याच्या भिंतीत, दोन बहिणी राहत होत्या. दोघी संयोजी ऊतीच्या पेशी. डॉक्टर त्यांना फायब्रोब्लास्ट म्हणतात. शेजारच्या स्नायूपेशी दिवसाला लाखभर ठोके देत. बहिणींनी त्यांच्या मधून कोलॅजनचे धागे घालायचे, जुने विरले की नवे भरायचे. ठोके सगळे मोजतात, धागे कुणी मोजत नाही. भिंत मात्र त्या धाग्यांनीच सांधलेली असते.

एका पहाटे तिकडे रक्त नेणारी धमनी गुठळीनं बंद झाली. प्राणवायू थांबला, ग्लुकोज थांबलं. स्नायूपेशींचं आकुंचन लगेच ढेपाळलं आणि साधारण अर्ध्या तासात त्या मरू लागल्या. त्यांचा दोष नव्हता. अखंड राबणाऱ्याची भूक मोठी असते.

“अक्का, आता आपणही मरणार,” धाकटी म्हणाली.

“आपली भूक लहान आहे. आधी वाढ थांबव, मग घरातलं मोडकं काढ.”

धाकटीच्या आत वाढीचा हुकूम देणारं एमटॉर हे प्रथिन गप्प झालं, ऊर्जेची टंचाई ओळखणारं एएमपीके जागं झालं. बिघडलेल्या प्रथिनांभोवती, निकामी तंतुकणिकांभोवती दुहेरी पडदा वाढत गेला, त्याची पिशवी झाली, पिशवी लयकारिकेला मिळाली आणि आतल्या मालाचे सुटे घटक पुन्हा वापरायला आले. घाबरलेली धाकटी चांगल्या तंतुकणिकेकडेही वळली, तेव्हा थोरलीनं दटावलं, “दुष्काळात बियाणं दळायचं नसतं!”

स्वतःलाच खाण्याच्या या रीतीला क्रिश्चियन द दुव यांनी १९६३ मध्ये ऑटोफॅजी हे नाव दिलं. पुढे जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टला उपाशी ठेवून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तिच्यामागची जनुकं शोधली आणि २०१६ चं नोबेल मिळवलं. उपासमारीत पेशी बरंच काही सरसकट गिळते, हे खरं. पण निकामी भाग ओळखून उचलण्याचीही तिच्याकडे सोय असते, आणि मला ती फार मोलाची वाटते. कारण हे खाणं हाताबाहेर गेलं तर पेशीच संपते.

डॉक्टरांनी धमनी उघडली. रक्त आलं. मेलेल्या स्नायूपेशींचे अवशेष पांढऱ्या पेशींनी उचलून नेले, आणि तिथली भिंत दुबळी पडली. पहिल्या आठवड्यात अशी भिंत फाटू शकते. फाटली तर माणूस क्वचितच वाचतो. टीजीएफ-बीटा या प्रथिनाचा सांगावा आला, भिंतीचा ताण जाणवू लागला, तशा दोघी बहिणी पालटल्या. त्यांच्या अंगात आकुंचन पावणारे तंतू तयार झाले. रात्रंदिवस त्यांनी कोलॅजन घातलं. गेलेल्या स्नायूपेशी परत येणार नव्हत्या. प्रौढ हृदयात त्या फारच थोड्या नव्यानं तयार होतात. तिथे वण झाला. वण ठोका देत नाही, पण त्यानं भिंत धरली आणि माणूस घरी गेला.

काही आठवड्यांनी वण पक्का झाला. थोरलीनं हात आवरला. धाकटी मात्र कडेच्या धडधाकट भागात शिरून विणतच राहिली.

“पुरे गं आता.”

“आणि पुन्हा तसं झालं तर, अक्का?”

“तेव्हा पुन्हा विणू. इथले स्नायू जिवंत आहेत. त्यांना सैल व्हायला जागा हवी.”

धाकटीला हट्टी म्हणणं अन्यायाचं होईल. बरं वाटल्यावर त्या माणसानं रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या होत्या. दाब चढला होता, अँजिओटेन्सिन या संप्रेरकाचा सांगावा रोज येत होता, आणि त्यात विणण्याखेरीज दुसरा निरोप नव्हता. संकट टळलंय हे तिला कळणार कुठून? धागे साचत गेले. भिंत ताठर झाली, दोन ठोक्यांच्या मध्ये कप्पा पुरता भरेना. माणसाला जिना चढताना धाप लागू लागली.

मुलीला कपाटात गोळ्यांची न फोडलेली पाकिटं सापडली.

“अप्पा, तुम्ही गोळ्या सोडल्यात?”

“बरं वाटत होतं गं.”

ती त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन गेली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, दाब उतरला, सांगावा क्षीण होत गेला. धाकटीनं नवे धागे घालणं थांबवलं. जुन्यातले काही विकरांनी हळूहळू तोडले, बरेचसे तसेच राहिले. अप्पांना जिन्यावर अजूनही मध्ये थांबावं लागतं.