चुकलो तर किंमत कोण मोजणार?

जूनमधल्या एका शुक्रवारी अल वक्रामध्ये एका मित्राच्या मुलीचं बारसं होतं. साताऱ्याहून आजी आली होती. तिनं रुमालात बांधून सोन्याच्या इवल्याशा बाळ्या आणल्या होत्या आणि बारशालाच कान टोचायचे हे तिच्या मनात पक्कं होतं. गावाकडे सोनार घरी येतो, इथे दवाखान्यात जावं लागेल, एवढाच काय तो फरक. पण बाळाची आई म्हणाली, "आई, आत्ता नको. तिला हवे असतील तर मोठी झाल्यावर टोचून घेईल."

"अगं, कान टोचताना कुणी बाळाला विचारतं का?" आजी म्हणाली. "आणि लहानपणी काही दुखत नाही."

आमच्यात रत्नागिरीकडचा एक कोकणी मुसलमान मित्र बसला होता. तो हसून म्हणाला, "आजी, आमच्याकडे सुंतेच्या वेळी माझी आईसुद्धा अगदी हेच म्हणाली." सगळे हसले. मग तो जरा थांबून म्हणाला, "माझ्या मुलाच्या वेळी मला शंका आली होती. केली नाही असं नाही, केलीच. पण शंका आली होती."

जेवताना विषय उकाड्यावर गेला. आमचा एक दोस्त रास लफानला गॅसच्या प्रकल्पात इंजिनिअर आहे. तो म्हणाला, "हवामान कायम बदलतच आलंय. माणसानं केलं वगैरे सगळं थोतांड. प्रत्येक गोष्टीवर शंका घ्यायला शिका." सूनबाईकडे बोट दाखवून त्यानं पुढे जोडलं, "वहिनींनी घेतली ना, तशी."

घरी परतताना हे वाक्य डोक्यातून जाईना. दोघांनीही रूढ समजुतीवर शंका घेतली होती. मग मला एक शंका पटली आणि दुसरी का खटकली? केवळ एक माझ्या मताची होती आणि दुसरी नव्हती म्हणून?

आधी आजीचं "दुखत नाही" घेऊ. ही केवळ आज्यांची समजूत नव्हती. 1980च्या दशकापर्यंत मोठमोठ्या इस्पितळांतले डॉक्टरही मानत की नवजात बाळाला वेदना जाणवतच नाहीत, किंवा जाणवल्या तरी लक्षात राहत नाहीत. त्यामुळे अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरच्या मोठ्या शस्त्रक्रियाही कित्येकदा नाममात्र भूल देऊन होत. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. कंवलजीत आनंद यांना ऑक्सफर्डमध्ये काम करताना याची शंका आली. पण ते शंकेवर थांबले नाहीत. बाळांच्या रक्तातली ताणाची संप्रेरकं त्यांनी मोजली. काही बाळांना नेहमीची भूल दिली, काहींना तिच्या जोडीला फेंटॅनिल हे वेदनाशामक दिलं. ज्यांना वेदनाशामक मिळालं त्यांच्या शरीरावर ताण कितीतरी कमी आला आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही कमी झाली. 1987 साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि त्यानंतर काही वर्षांत पद्धत बदलली.

शंका म्हणजे काय याचं मला माहीत असलेलं हे सर्वांत स्वच्छ उदाहरण. तिच्यात तपासण्याची तयारी होती. आणि ज्याला बोलता येत नाही त्याच्या बाजूनं ती घेतली होती.

सुंतेचा प्रश्न यापुढचा आणि अधिक अवघड आहे, कारण तिथे मोजमाप झाल्यावरही मतभेद उरतात. 2010 साली नेदरलंड्सच्या डॉक्टरांच्या संघटनेनं वैद्यकीय कारण नसताना मुलांची सुंता करण्याविरुद्ध भूमिका घेतली. 2012 साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं म्हटलं की फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत, पण सरसकट शिफारस करण्याइतके नाहीत; निर्णय आईवडिलांनी घ्यावा. त्याच वर्षी कलोनच्या न्यायालयानं ही शारीरिक इजा ठरवली आणि काही महिन्यांत जर्मन संसदेनं कायदा करून तिला परवानगी दिली. आफ्रिकेतल्या चाचण्यांत सुंता झालेल्या प्रौढ पुरुषांना स्त्रीकडून एचआयव्हीची लागण होण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं, हेही खरं. पण ते पुरुष स्वतःच्या पायांनी चालत, हो म्हणून आले होते. शास्त्र धोका किती आणि फायदा किती ते सांगेल. दुसऱ्याच्या शरीराबद्दल मी किती ठरवावं, हे ते सांगणार नाही.

माझ्या मित्राची बाजूही हलकी नाही. तो म्हणतो, धर्म आहे, आणि समाजात मूल आपलं म्हणून वाढणं ही काही छोटी गोष्ट नाही. आठव्या वर्षी केलं तर त्याला जास्त त्रास होतो. शिवाय आम्ही आमच्या मुलांबद्दल हजार गोष्टी त्यांना न विचारता ठरवतोच की. भाषा, देश, शाळा. कतारमध्ये वाढवायचं हेही. हे सगळं मला मान्य आहे. फक्त यातल्या बऱ्याच गोष्टी मूल मोठं झाल्यावर मोडू शकतं. कानाचं भोक काही प्रमाणात बुजतं. कापलेलं परत येत नाही.

आपल्या महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. 1891च्या संमतीवयाच्या कायद्यानं मुलींसाठी शरीरसंबंधाचं वय दहावरून बारा केलं, तेव्हा पुणं पेटलं होतं. परकीय सरकारनं आमच्या घरात नाक खुपसू नये, असं टिळकांचं म्हणणं होतं. ते सर्वस्वी चूक होतं असंही म्हणवत नाही. पण आगरकरांनी ज्या रूढींवर शंका घेतली, त्यांची किंमत दहा वर्षांच्या मुली आणि बालविधवा मोजत होत्या आणि त्यांना कुणी विचारत नव्हतं. शंका घेण्याची किंमत मात्र आगरकरांनी स्वतः मोजली. जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहिली.

आता इंजिनिअर दोस्ताकडे येतो. हवामान पूर्वीही बदलत होतं, हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. प्रश्न एवढाच की या वेळी कारण काय, आणि हे तपासता येतं. सूर्य तापला म्हणून पृथ्वी तापली असती, तर वरचं वातावरणही तापलं असतं. प्रत्यक्षात खालचं तापतंय आणि वरचं, स्थितांबरातलं, थंड होतंय. हवेतला वाढलेला कार्बन जमिनीतून काढलेल्या इंधनाचा आहे हे त्याच्या समस्थानिकांवरून कळतं. हवाईतल्या मौना लोआवर 1958 साली मोजणी सुरू झाली तेव्हा हवेत दर दहा लाख भागांत सुमारे 315 भाग कार्बन डायऑक्साइड होता; आज तो 420च्या वर आहे. मी दोस्ताला विचारलं, "काय दिसलं तर तुझं मत बदलेल?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. ज्या शंकेला काहीही दाखवलं तरी फरक पडत नाही, तिला शंका तरी का म्हणायचं? तीही एक श्रद्धाच.

अर्थात हवामानाच्या नावानं चालणाऱ्या सगळ्याच गोष्टींवर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. 2022चा फुटबॉल विश्वचषक कार्बन-न्यूट्रल आहे असं आम्हाला इथे सांगितलं गेलं. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या जाहिरातविषयक आयोगानं तो दावा सिद्ध होत नसल्याचा निर्वाळा दिला. गॅस स्वच्छ इंधन आहे असंही आम्ही म्हणतो. जळताना तो कोळशाच्या साधारण निम्मा कार्बन सोडतो हे खरं, पण न जळता गळला तर वीस वर्षांच्या काळात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट उष्णता अडवतो. आणि कतारचं दरडोई उत्सर्जन जगात अगदी वरच्या क्रमांकांत आहे म्हणून या देशाकडे बोट दाखवणाऱ्यांनी हेही पाहावं की इथला गॅस जहाजानं दहेजला उतरतो आणि दहेजहून पाइपलाइन उरण-पनवेलकडे जाते. यावर शंका घ्याव्यात, भरपूर घ्याव्यात. काय करायचं, कुणी आधी करायचं, कुणाला मुभा द्यायची, हे वादाचे खरे विषय आहेत.

माझं काम बांधकामावरच्या सुरक्षेचं. इथे 1 जून ते 15 सप्टेंबर सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करायला बंदी आहे. 2021पासून आणखी एक नियम आहे: ऊन, दमटपणा आणि वारा एकत्र धरून मोजणारा आकडा 32.1च्या पुढे गेला की कुठल्याही वेळी काम थांबवायचं. त्या आधीच्या एका उन्हाळ्यात, सकाळचे नऊ वाजायच्या आत, माझ्यासमोर एक माणूस कोसळला होता. आम्ही सगळे समजत होतो की या लोकांना उन्हाची सवय असते. हीसुद्धा "लहानपणी दुखत नाही"चीच बहीण. ती चुकीची ठरली तेव्हा किंमत मी मोजली नाही.

म्हणून आता कुठल्याही समजुतीपुढे, आणि तिच्यावरच्या शंकेपुढेही, मी एकच प्रश्न ठेवतो: मी चुकलो तर भोगणार कोण? वहिनींची शंका चुकली, तर मुलगी सोळाव्या वर्षी थोडं जास्त दुखवून कान टोचून घेईल. दोस्ताची शंका चुकली तर त्याचं काही बिघडणार नाही. बिघडेल ते त्या पाळण्यातल्या मुलीचं, कारण आज हवेत सोडलेल्या कार्बनचा बराच भाग ती म्हातारी होईल तेव्हाही तिथेच असेल. तिलाही आपण विचारलेलं नाही.

हे मी दोस्ताला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझा पगार त्या गॅसवर आहे रे." मी म्हटलं, माझाही. हे सगळं शहर त्याच पैशातून उभं राहतंय.

आजी ऑगस्टमध्ये परत गेली. बाळ्या तिनं रुमालासकट सुनेच्या कपाटात ठेवल्या आणि जाताना बजावलं, "विचारशील म्हणालीस ना? मग विसरू नकोस. खरंच विचार तिला."