उंबऱ्याच्या अलीकडे

चि. सोनूस,


परवा फोन केलास तेव्हा मागे मिक्सर फिरत होता, टिप्या भुंकत होता आणि तुझ्या सासूबाई त्या दोघांच्या वर आवाज काढून काहीतरी सांगत होत्या. मला अर्धंच कळलं. कळलं ते एवढं: टिप्या स्वयंपाकघरात घुसतो, तिथेच कोपऱ्यात देवघर आहे आणि चार दिवसांत त्याला बाहेर राहायला शिकवायचंय.

चार दिवसांत नाही गं होणार. पंधरा दिवस धर, कदाचित महिना. आणि सुरुवात टिप्यापासून करायचीच नाही. आधी दोन दिवस नुसतं बघ, त्याला त्या खोलीत कोणाकडून काय मिळतं. सासरे पोळीचा कडेचा तुकडा टाकत असतील. चिरंजीवांच्या हातून बिस्कीट ‘पडत’ असेल. पनीर चिरताना तू स्वतःही देतेस, मी पाहिलंय. दहा वेळा हाकललं आणि अकराव्या वेळी तुकडा मिळाला, की कुत्रं दहा विसरतं, अकरावी लक्षात ठेवतं. कधीतरीच लागणाऱ्या लॉटरीचं तिकीट माणूस का काढत राहतो, ते आठव. स्किनरने हेच उंदरांवर आणि कबुतरांवर तपासून पाहिलं होतं: दर वेळी मिळणारं बक्षीस बंद झालं तर सवय लवकर सुटते, अधूनमधून मिळणारं बंद झालं तर सुटता सुटत नाही. तेव्हा ओट्यापाशी उभं राहून कोणी काही द्यायचं नाही. सासऱ्यांनीसुद्धा. हे सांगणं टिप्याला शिकवण्यापेक्षा अवघड आहे, मला ठाऊक आहे.

आमच्या वाईच्या घरी पहिला कुत्रा होता तेव्हा मी वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याला मारायची. तो शहाणा झाला असं मला वाटलं. एका दुपारी पुसलेल्या फरशीवर ओल्या पंजांची रांग दिसली, थेट दुधाच्या पातेल्यापर्यंत. तो शिकला होता खरा, पण ‘आत जायचं नाही’ हे नव्हे. ‘ती असताना जायचं नाही’ हे.

तुमच्या हॉल आणि स्वयंपाकघराच्या मध्ये ती काळ्या ग्रॅनाइटची पट्टी आहे ना? तोच तुझा उंबरा. त्याच्या अलीकडे दोन हातांवर एक सतरंजी टाक, पण अशी, की तिथे पडल्यापडल्या टिप्याला ओटा दिसेल. त्याला खोलीची हौस नसते, तुमची असते. तुम्ही दिसत असलात तर निम्मी धडपड तिथेच संपते.

मग त्याच्या जेवणाच्या आधी, पोट रिकामं असताना, पाच मिनिटं. उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे कर. तो सतरंजीवर बसला की ‘जागेवर’ म्हण आणि तिथेच दे. एक पाऊल पट्टीच्या आत टाक आणि तो उठायच्या आत परत येऊन दे. मग दोन पावलं. मग ओट्याला हात लावून ये. मग फ्रिज उघड. पातेल्यावर झाकण आपट. कुकरची शिट्टी सगळ्यात शेवटी. खाऊ घेऊन तू त्याच्याकडे जायचं, त्याला बोलवायचं नाही. बोलावलंस तर उठल्यावर मिळतं असं तो शिकेल आणि सगळी मेहनत पाण्यात. संपल्यावर ‘चल’ म्हणून मोकळं कर, नाहीतर कधी उठायचं ते तो स्वतः ठरवेल.

आत आलाच तर ओरडू नको, पट्टा धरून ओढू नको. त्याच्या समोर उभी राहा आणि शांतपणे त्याच्या दिशेने चालत जा. तो मागे सरतो. पट्टीच्या बाहेर गेला की विषय संपला. शब्दही एकच ठेवा. तू ‘बाहेर’ म्हणणार, सासूबाई ‘हाड’ आणि मुलगा ‘नो नो’, तर त्याने कुठली भाषा शिकायची? लक्ष ठेवायला कोणी नसेल तेव्हा दाराला लहान मुलांचं फाटक लाव. एकट्याने केलेली प्रत्येक यशस्वी चोरी हाही एक धडाच असतो, आणि तो फार पक्का बसतो.

सासूबाई म्हणतात, ‘चोर आहे, तोंडावर दिसतं.’ अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधक बाईंनी 2009 मध्ये हेच तपासलं. कुत्र्याने खाऊ चोरला असो वा नसो, मालक रागावला की तो ओशाळा चेहरा येतोच. उलट ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांचा जास्त ओशाळा दिसला. तो चेहरा तुमच्या आवाजाला घाबरलेला असतो.

देवघरासमोर टिप्याने एकदा शू केली असं मागे म्हणाली होतीस. अमोनियाच्या क्लीनरने पुसू नको, त्याचा वास त्याला शूसारखाच वाटतो. पाळीव प्राण्यांसाठीचा एन्झाइमवाला क्लीनर मिळतो, तो आण.

बंदी निव्वळ सोवळ्यासाठी नाही, हेही घरात सांग. कांदा, लसूण, कच्चे असोत वा फोडणीतले, कुत्र्याला बाधतात. बेदाणे तर मूत्रपिंडावर जाऊ शकतात. शिऱ्याच्या प्रसादात बेदाणे असतात ना? आणि सासूबाईंना हळूच सांग, दत्ताच्या तसबिरीतली चारही कुत्री पायांशीच आहेत, नैवेद्याच्या ताटाशी नाहीत. रागावल्या तर माझं नाव सांग.

बेडरूमचं मात्र आजच ठरवा. आता पिल्लू म्हणून गादीवर घ्यायचं आणि पावसाळ्यात चिखलाचे पाय झाले की खाली उतरवायचं, हा त्याच्यावर अन्याय आहे. आणि सातआठ महिन्यांचा झाला की सगळं विसरल्यासारखं वागेल. तेव्हा परत एक पाऊल, परत खाऊ.

सतरंजी माझ्याकडची पाठवतेय, निळ्या पट्ट्यांची. आधी गरम पाण्यात धुऊन घे. आमची म्हातारी कुत्री तीन वर्षं तिच्यावर झोपलीय. तिचा वास राहिला तर टिप्या त्यावर तंगडी वर करेल.

तुझी,
आत्या