जाणत्याचा दोष

अजाणतां झालेल्या व्रतभंगाचा दोष व्रतस्थाला लागत नाहीं, असें आपण मानतों. पण जाणत्या साक्षीदाराचें काय? जपानच्या प्रवासांत क्योटोच्या एका खाणावळींत आमच्या शाकाहारी स्नेह्यानें मिसोचें सार मिटक्या मारीत संपविलें. त्यांत वाळविलेल्या माशाच्या किसाचा अर्क होता, हें मला ठाऊक होतें. रंगाचा बेरंग नको म्हणून मी गप्प राहिलों. इ. स. ६७५ मध्यें सम्राट तेम्मूनें गाय, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडें यांचें मांस निषिद्ध ठरविलें, तेव्हांहि मासा सुटलाच होता, अशी पंडिती पळवाटहि मीं मनांत शोधली! पुढें कोयासानच्या मठांत सागरी शेवाळ व अळंबीं यांचें निरामिष सार आलें. घोट घेऊन तो म्हणाला, "क्योटोचें अधिक रुचकर होतें." मंडळी हंसली. मीं वाटी तोंडाला लावली.