नव्वद टक्क्यांचे पुण्य

काटकसर हा सद्गुण आहे याबद्दल दुमत नाही. प्रश्न एवढाच, की उधळपट्टी काटकसरीने केली तर तिला काय म्हणायचे?

हा प्रश्न सध्या माझ्या भाच्याच्या गाडीच्या डिकीत बसवलेला आहे. जुना अ‍ॅम्प्लिफायर काढून त्याने ‘क्लास डी’ घेतला. “मामा, 90 टक्के एफिशियन्सी! करंट किती वाचून राहिला पहा!” बी.कॉम.ला मला 90 हा आकडा फक्त हजेरीत दिसला होता, त्यामुळे मी आदराने ऐकत राहिलो.

हिशेब खोटा नाही. जुन्या ‘एबी’ वर्गातले ट्रान्झिस्टर अर्धवट उघड्या नळासारखे. हवा तेवढा प्रवाह सोडायचा आणि अडवलेल्या विजेवर स्वतः तापत बसायचे. असा अ‍ॅम्प्लिफायर भरात असताना 60 टक्के काम करतो असे धरले, तर 500 वॅट द्यायला तो 830 च्या वर वॅट मागतो. म्हणजे 12 व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे 70 अँपिअर! ‘डी’मधले ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा पुरते चालू नि पुरते बंद होतात, अर्धवट काही ठेवत नाहीत. तेवढ्याच कामाला त्यांना 555 वॅट पुरतात. अशा कारकुनाला कुठलाही साहेब शाबासकी देईल आणि शेजारच्या टेबलावरच्या फायली त्याच्याकडे सरकवील.

भाच्याने तेच केले. वाचलेल्या करंटवर दुसरा सबवूफर लावला. जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1865 साली लिहूनच ठेवले आहे, की इंजिने कमी कोळशात चालू लागली म्हणून कोळसा कमी जळत नाही, उलट जास्त जळतो. वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय ज्या गावात आहे, त्या गावाला हे वेगळे सांगायला नको.

बरे, एवढे करून स्पीकरपर्यंत पोचलेल्या विजेतला जेमतेम शेकडा एक भाग आवाज होतो. बाकीची त्याची कॉइल तापवते. रुपयातला पैसा! पण तो पैसा फुटाळ्यावरून निघून आमच्या गल्लीत शिरतो तेव्हा खिडकीची तावदाने थरथरतात आणि खालच्या मजल्यावरच्या आजी, ज्यांना डॉक्टरांनी झोप घ्यायला सांगितले आहे, उठून बसतात. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. आजींना डेसिबल ठाऊक नाही. त्यांना छातीत धडधडते.

माझी हरकत इथे आहे. जुना अ‍ॅम्प्लिफायर तापायचा तो भाच्याच्या खर्चाने, आणि फार तापला की बिचारा बंद पडायचा. तेवढी गल्लीला उसंत मिळे. आता खर्च आजींच्या खात्यावर पडतो. दुसऱ्याच्या नावे टाकलेला खर्च धरायचाच नाही म्हटले, तर कोणाचाही ताळेबंद 90 टक्के सुंदर दिसेल.

मी भाच्याला समजावले, की बाबा रे, जुना अ‍ॅम्प्लिफायर सर्वांत उधळा असतो तो हळू वाजताना. तेव्हा तुझ्या यंत्राचा मोठेपणा खरा हळू वाजवण्यातच आहे.

तो माझ्याकडे दयेने पाहत म्हणाला, “मामा, हळूच वाजवायचं असतं, तर एवढे पैसे कायले लावले असते?”