भीती होती, तरी भरवसाही होता

आजचे वाचन : यिर्मया 38:1-13, 39:15-18

प्रियांनो, मनात भीती असली की आपण लगेच म्हणतो, "माझा विश्वास कमी पडतोय." खरंच तसं असतं का? आजच्या वाचनातल्या एबद-मलेखकडे पाहू या.

खास्दी सैन्याने यरुशलेमला वेढा घातला होता. शरण जाल तर वाचाल, असं यिर्मया लोकांना सांगत होता. सरदारांना तो फितूर वाटला. त्याला मारून टाका, असं ते राजाला म्हणाले. सिद्कीया राजाने हात झटकले : तो तुमच्या हाती आहे, तुमच्यापुढे माझं काही चालत नाही. मग त्यांनी यिर्मयाला दोरांनी एका हौदात सोडलं. आत पाणी नव्हतं, नुसता चिखल. त्यात तो रुतला.

यिर्मयासाठी पुढे आला तो एक परदेशी, राजवाड्यातला कूशी खोजा. एबद-मलेख या नावाचा अर्थच मुळी 'राजाचा सेवक'. राजा बन्यामीन वेशीत बसला होता. तिथे जाऊन तो सरळ म्हणाला, या माणसांनी वाईट केलंय; यिर्मया उपासमारीने मरेल. ज्या सरदारांपुढे राजा दबला, त्यांच्याविरुद्ध त्याचा चाकर बोलला!

राजाने परवानगी दिली, सोबत माणसंही दिली. पण एबद-मलेख आधी भांडारात गेला. तिथून फाटकेतुटके कपडे, चिंध्या घेतल्या आणि यिर्मयाला सांगितलं, या बगलेत घाल, मग दोर लाव. मला ही गोष्ट फार आवडते. वर ओढताना दोर काचेल, एवढाही विचार त्याने केला.

आता 39वा अध्याय पाहा. देव त्याला निरोप पाठवतो : ज्या माणसांची तुला भीती वाटते, त्यांच्या हाती तू पडणार नाहीस, कारण तू माझ्यावर भरवसा ठेवलास. म्हणजे भीती होती! देवाला ती ठाऊक होती, पण त्याने तिच्याबद्दल दोष दिला नाही. भीती आणि भरवसा एकाच माणसात, एकाच निरोपात.

भीती सिद्कीयालाही होती. पण त्याने निर्णय भीतीवर सोडला. एबद-मलेखने सोडला नाही. आणि हे अभिवचन त्याला नंतर मिळालं. वेशीत उभा राहिला तेव्हा हातात काहीच नव्हतं. बरोबर वागलं की जीव वाचतोच, असंही नाही. उरीया संदेष्टा याआधी यहोयाकीम राजाकडून मारला गेला होता (यिर्मया 26). म्हणून सुटका होईल की नाही, यावरून योग्य काय ते ठरवता येत नाही.

कुणावर अन्याय होतोय आणि वरचे लोक "आमच्या हातात काही नाही" म्हणतायत, असं कामाच्या ठिकाणी, घरात, मंडळीतही घडतं. तेव्हा भीती जाण्याची वाट पाहू नका. ती सोबत घेऊनच वेशीपर्यंत जा. आणि चिंध्या न्यायला विसरू नका.

प्रार्थना : हे प्रभू, भीती वाटत असतानाही तुझ्यावर भरवसा ठेवून बोलायला आणि हळुवारपणे मदत करायला मला शिकव. आमेन.