सोंग आणि सूचन

आवडत्या कथापात्राचा वेश अंगावर चढवावा असे मनुष्याला वाटणे ही काही आजकालची हौस नव्हे. दशावतारातील संकासुरापासून शाळेच्या स्नेहसंमेलनातील बाल शिवाजीपर्यंत आपल्या समाजाने ती मनमुराद भोगलेली आहे. परंतु वेश न चढवता केवळ त्याची आठवण करून द्यावी, अंगावर रोजचेच कपडे असावेत आणि तरीही जाणत्या डोळ्याला त्यांत एखादे पात्र ओळखू यावे, ही हौस निराळ्या जातीची आहे. आणि अलीकडे बेंगळुराच्या जयनगरातील माझ्या परिचयाच्या एका मराठी घरात, सुटीच्या दिवशी बिडदीच्या वंडरला उद्यानाकडे निघण्याच्या गडबडीत ती पाहावयास मिळाल्यापासून तिच्याविषयी सविस्तर लिहावे असे मनात होते.

हिचा उगम मात्र जयनगरातला नव्हे, आणि तो हौसेतला नसून मज्जावातला आहे. 17 जुलै 1955 रोजी कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे वॉल्ट डिस्ने यांनी जे उद्यान उघडले, त्याच्या आजच्या नियमावलीत एक कलम असे आहे की 14 वर्षे व त्यांवरील वयाच्या पाहुण्यांनी पात्रांचा पूर्ण वेश करून आत येऊ नये. काही विशेष समारंभांपुरती काय ती मुभा. कारण उघड आहे. उद्यानाच्या चाकरीत असलेली सिंड्रेला आणि तिकीट काढून आलेली सिंड्रेला यांतला भेद पाच वर्षांच्या मुलाला कळणे शक्य नाही, आणि दुसरीने भलतेसलते वर्तन केले तर बोल पहिलीच्या धन्याला लागणार. तोतयांचा बंदोबस्त करणे कोणत्याही राज्याला भागच असते. सदाशिवरावभाऊंच्या तोतयाने पेशव्यांच्या दरबाराला किती घोर लावला होता, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. तेव्हा हुकूम रास्तच होता. परंतु त्या हुकुमाच्या चौकटीत राहून, त्याचे एक अक्षरही न मोडता, आपले प्रेम प्रकट करण्याची तजवीज रसिकांनी शोधून काढली. 2011 साली लेस्ली के या तरुणीने तिला डिस्नेबाउंडिंग हे नाव देऊन तिचा प्रसार केला. काळा सदरा, तांबडी विजार आणि पिवळे जोडे घातलेला गृहस्थ दारावरच्या पहारेकऱ्याच्या लेखी सभ्य नागरिक असतो. ज्याला ओळखायचे आहे तो मात्र त्याच्यात मिकी माऊस ओळखून गालातल्या गालात हसतो.

मला या प्रकारात जे मोल वाटते ते या बंधनाचेच आहे. सोंगाला मर्यादा नसते. ते जितके पूर्ण तितके चांगले, आणि ते पूर्ण झाले की मूळ मनुष्य त्यात बुडून जातो. सूचनाचे तसे नाही. तेथे मनुष्य आणि पात्र दोघेही एकाच वेळी समोर उभे राहिले पाहिजेत, म्हणून प्रत्येक जिन्नस निवडताना काय घ्यावे यापेक्षा काय गाळावे याचा विचार अधिक करावा लागतो. आपल्या साहित्यशास्त्राने व्यंग्यार्थाची जी महती गायिली ती कापडाला लागू पडू नये असे काही त्या शास्त्रकारांनी म्हटलेले नाही.

अर्थात सूचन समजावयाचे तर पात्राचे रंग आधी सर्वांच्या मनात पक्के झालेले असले पाहिजेत. 1937 सालच्या चित्रपटाने हिमगौरीची निळी चोळी, पिवळा घागरा आणि केसांतली तांबडी फीत जगभर इतकी रुजवली की आता तीन रंग नुसते शेजारी ठेवले तरी पुरे. आपल्याकडे हे काम पूर्वी रंगभूमी करीत असे. बालगंधर्वांनी भामिनी किंवा रुक्मिणी उभी केली की त्यांच्या शालूची, पदराची, केशरचनेची छाप पुण्यामुंबईच्या प्रतिष्ठित स्त्रियांच्या नेसण्यावर उमटे, आणि हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांना ती कोठून आली हे विचारावे लागत नसे. (त्याच बालगंधर्वांनी ‘एकच प्याला’मधील सिंधूसाठी अंगावर चढवलेल्या ठिगळांच्या लुगड्याचे अनुकरण कोणी केल्याचे मात्र ऐकिवात नाही, सूचनालाही आपली सोय कळते.)

आता जयनगराकडे वळतो. 1948 साली राजगोपालाचारींच्या हस्ते पायाभरणी झालेले हे उपनगर चौकोनी आखणीचे, ब्लॉक आणि मेन-क्रॉसच्या हिशेबाने चालणारे, वृक्षांच्या सावलीतले. चौथ्या ब्लॉकच्या बाजारात खरेदीला गेलेला माणूस सहसा रिकाम्या हाताने परतत नाही. पण येथे मराठी मनुष्याने उपरा म्हणून वावरण्याचे कारण नाही. शहाजीराजांची जहागीर बेंगळुरात होती. 1687 साली हे शहर व्यंकोजीराजांच्या हातून मोगलांकडे आणि त्यांच्याकडून चिक्कदेवराज वडियारांच्या अमलाखाली गेले. आणि जहागीर गेली तरी माणसे काही सगळी गेली नाहीत. विशेषतः भावसार क्षत्रिय आणि नामदेव शिंपी या समाजांतील घरे, ज्यांचा परंपरागत व्यवसाय कापड रंगवण्याचा, छापण्याचा आणि शिवण्याचा, आजही कर्नाटकात ठिकठिकाणी आहेत. दुकानात कानडी आणि घरात कानडीच्या हेलातली जुनी मराठी, असा त्यांचा रिवाज. सूचनाच्या कलेला लागणारा कारागीर अशा रीतीने जयनगरकरांच्या उंबऱ्याशीच उभा आहे.

मी म्हटले त्या घरात कॉलेजात जाणाऱ्या नातीला हिमगौरी व्हावयाचे होते, आणि आजीच्या कपाटात एक इरकल होती. इरकल म्हणजे बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलच्या मागावरची. अंग गडद निळे, आणि त्या अंगाच्या उभ्या धाग्यांना फासे घालून जोडलेला टोपपदर तांबडा, पांढऱ्या नक्षीचा. म्हणजे हिमगौरीच्या तीन रंगांपैकी दोन, अनाहाइमला न विचारता, त्या एका लुगड्यात पूर्वीपासून नांदत होते. तिसरा पिवळा, तो त्याच जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डच्या खणात मिळतो, पण नातीने साधा सुती पिवळा घागरा पसंत केला, कारण खणाची झळाळी फार झाली असती. लुगडे काठाशी विरले होते, म्हणून आजींनी ते कातरण्याची परवानगी दिली. कात्री चालताना मात्र त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. शिंप्याने निळ्या अंगाचा आखूड कुडता बेतला आणि बाह्यांना चुण्या घालून चुण्यांच्या पोटात पदराची तांबडी पट्टी दडवली, ती हात हलला तरच दिसे. मग त्याला वाटले की चित्रात आहे तशी मानेमागे उभी पांढरी कॉलर लावून द्यावी. कापड शिल्लक होते आणि मजुरी तो वेगळी घेणार नव्हता. “नको काका, कॉलर लावली की सगळ्यांनाच कळेल,” असे ती मुलगी म्हणाली, आणि माझ्या मते त्या शिवणकामातील सर्वांत मोठा निर्णय तोच होता. कॉलर लावली असती तर ते सोंग झाले असते. ती गाळल्यामुळे तो कुडता सोमवारी कॉलेजातही घालता येतो.

व्यवहाराची बाजू थोडक्यात सांगतो. वंडरला हे म्हैसूर रस्त्यावर, शहरापासून सुमारे 28 किलोमीटरवर, 2005 सालापासून चालू आहे, आणि तेथील पाण्याच्या खेळांत सुती कपडे, साड्या, जीन्स यांना मज्जाव असून नायलॉन वा लायक्रासारख्या कापडाचाच पोशाख लागतो. म्हणजे दिवसाच्या उत्तरार्धात राजकन्या आणि कारकून एकाच चिंब पंक्तीत उभे राहतात, आणि सारे सूचन पिशवीत जाते. कोरड्या पाळण्यांवरही लोंबता पदर, ओढणी, सैल फीत धोक्याचीच. त्यामुळे बिडदीच्या वेशात जे सुचवावयाचे ते अंगालगत शिवलेले असावे. केसांतली तांबडी फीत गाठ मारून नव्हे, चापाने बसवलेली असावी. जागेची ही अट पुन्हा कलेच्या पथ्यावरच पडते.

माझी तक्रार आहे ती बाजाराविषयी. सूचनाची हौस वाढताच तिचे तयार संच विक्रीस येऊ लागले: अमुक पात्राचा सदरा, त्याच रंगाची पिशवी, त्याच आकाराची कानातली, सारे एका वेष्टनात. हे घेण्यास बुद्धी लागत नाही, आजीचे कपाट लागत नाही आणि शिंपीही लागत नाही. आणि असा संच अंगावर घालणारा स्वतः काहीच बोलत नाही, दुकानदार त्याच्या अंगावरून बोलतो. त्यापेक्षा भाड्याने आणलेले पुरे सोंग मी अधिक प्रामाणिक समजेन. येथे कोणी म्हणेल की परदेशी पात्रांची ही भक्ती तरी मराठी घराने का करावी. हा आक्षेप मला फारसा जड वाटत नाही. हिमगौरी मराठी मुलांना आजीच्या गोष्टीतून भेटलेली आहे आणि इरकलीत ती परकी दिसत नाही. तरीही पर्याय हवा असेल तर तो म्हैसूर रस्त्याच्या टोकाशीच आहे. म्हैसूरला 1921 साली जन्मलेल्या आर. के. लक्ष्मण यांनी मुंबईच्या वृत्तपत्रात उभा केलेला सामान्य माणूस, चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा आणि तोंडातून अवाक्षर न काढण्याचे व्रत, हा मराठी आणि कानडी दोन्ही घरांचा समाईक ठेवा आहे. त्याच्याइतके पक्के रूप असलेले देशी पात्र मला दुसरे चटकन आठवत नाही, आणि गर्दीत मुकाट उभे राहून तमाशा पाहणे हे तर उद्यानात नातवंडांबरोबर गेलेल्या प्रत्येक आजोबांचे काम असतेच.

तेव्हा जयनगरातील आजोबांना माझी विनंती आहे की पुढच्या सुटीत त्यांनी जुन्या पेटीतला चौकड्यांचा कोट काढून उन्हात घालावा आणि बिडदीला निघताना अंगावर चढवावा. धोतर नेसलेच पाहिजे असे नाही.