बेडकाचं देणं

मागच्या महिन्यातली गोष्ट. अल कुसैसच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर मुलीचा लॅपटॉप उघडा होता. पडद्यावर एक बेडूक उताणा पडलेला. एकदा क्लिक केलं की त्वचा बाजूला, दुसऱ्यांदा केलं की स्नायू, मग हृदय. चुकलं तर मागे जायचं, बेडूक पुन्हा पहिल्यासारखा. मी भाजी निवडता निवडता सहज म्हणाले, "आम्ही खरा बेडूक कापला होता."

तिने मान वर केली. "आई, म्हणजे तू त्याला मारलंस?"

"मी नाही गं, क्लोरोफॉर्मने..." एवढं बोलून मी थांबले. हे उत्तर नव्हे, हे दोघींनाही कळलं.

१९९२ साल, सातारा, अकरावी सायन्स. नव्या डिसेक्शन बॉक्सचं काय अप्रूप होतं! क्लोरोफॉर्मचा बोळा टाकलेल्या बरणीत बेडूक निपचित झाले की एकेक जण आपला बेडूक ट्रेमधल्या मेणावर उताणा ठेवी आणि हातपाय टाचण्यांनी ताणून बसवी. पोटाच्या मधोमध एक शीर असते, ती कापली तर सगळं रक्ताने भरतं; म्हणून कात्री जरा बाजूने चालवायची. आत हृदय दिसलं. वर दोन कप्पे, खाली एक, अगदी पुस्तकातल्यासारखे. फक्त पुस्तकातलं हृदय स्थिर होतं, हे अजून चालू होतं. मी सरांना बोलावलं. ते म्हणाले, "छान झालंय, आता आकृती काढ." मी काढली. मागच्या बाकावर हशा चालला होता. कुणीतरी कापलेला पाय मैत्रिणीच्या दप्तरात टाकला होता. मीही हसले होते.

मुलीच्या प्रश्नानंतर मी बरेच दिवस स्वतःची बाजू शोधत राहिले. बेडकाने माणसाला कमी दिलेलं नाही. १९२१ साली ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने बेडकांची दोन हृदयं घेतली. एकाचा मज्जातंतू चेतवून त्याचे ठोके मंद केले आणि त्याच्या भोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयाला दिलं. तेही मंदावलं! मज्जातंतू रसायनातून निरोप देतात हे त्यावरून कळलं. १९३६ मध्ये लोवींना हेन्री डेल यांच्याबरोबर नोबेल मिळालं. हृदयाच्या आणि मेंदूच्या कितीतरी औषधांमागे हे ज्ञान आहे. आपल्या घरातले वडीलधारे रोज ज्या गोळ्या घेतात, त्यांतल्या काहींचं मूळही तिथेच आहे. मग बेडूक कापणं वाईट, असं एका वाक्यात कसं म्हणायचं?

पण लोवींचे बेडूक आणि आमचे बेडूक यांत फरक आहे. लोवी जे विचारत होते, त्याचं उत्तर तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. आमचं उत्तर पुस्तकात आकृतीसकट छापलेलं होतं. वर्गातल्या प्रत्येक ट्रेत एक जीव गेला, तो प्रात्यक्षिकाच्या मार्कांसाठी. हे करायलाच हवं का, असं विचारायचं कुणालाही सुचलं नाही. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात जेनिफर ग्रॅहॅम नावाच्या शाळकरी मुलीने बेडूक कापायला नकार दिला. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९८८ मध्ये तिथे विद्यार्थ्यांना 'नाही' म्हणण्याचा हक्क देणारा कायदा झाला. आम्हाला 'नाही' म्हणता येतं, हेच माहीत नव्हतं. भारतातही पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राण्यांचं विच्छेदन टप्प्याटप्प्याने थांबवण्याच्या सूचना दिल्या. चांगलंच झालं.

तरीही मुलीचा तो पडद्यावरचा बेडूक मला पुरता पटत नाही. दर जुलैत आजोळी गेल्यावर ती अंगणातलं डराव डराव ऐकते, पण त्या आवाजाचा आणि या चित्राचा तिच्या लेखी काही संबंध नाही. आमच्या फ्रीजरमध्ये साफ केलेलं चिकन असतं, त्याचंही तेच. न मारणं वेगळं आणि दया वेगळी. जिला काहीच सोसावं लागत नाही, ती दया की नुसती सोय?

हे सगळं मनात घोळत असताना साताऱ्याहून भावाने फोनवर एक फॉर्म पाठवला. बाबांनी देहदान करायचं ठरवलंय. नातेवाईक म्हणून माझीही सही हवी होती. बाबा एसटीत होते, शरीरशास्त्राशी त्यांचा काही संबंध नाही. "जाळून राख होण्यापेक्षा पोरं शिकतील," एवढंच त्यांचं म्हणणं. मला मात्र सही करवेना. डोळे मिटले की तो ट्रे दिसे आणि मागच्या बाकावरचा हशा ऐकू येई. बाबांच्या भोवती असंच कुणी हसलं तर?

शेवटी मी त्यांना तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, "अगं, मी स्वतःहून देतोय. कुणी हिसकावून घेत नाहीये."

तेव्हा मला माझ्या बेडकाबद्दलचं उत्तर मिळालं. शिकण्यासाठी कुणाचं तरी शरीर लागतं, हे खरं आहे आणि पुढेही राहील. बाबा देतील, तसं माणूस ते विचार करून देऊ शकतो. बेडूक देत नाही, त्याच्याकडून आपण घेतो. म्हणून घेण्याआधी 'याची खरंच गरज आहे का' हे विचारण्याची जबाबदारी पूर्णपणे आपली. आणि दिलेलं असो वा घेतलेलं, त्यासमोर क्षणभर गप्प राहण्याइतकी जाण हवी. भारतात २०१९ पासून एमबीबीएसच्या मुलांना मृतदेह हा आपला पहिला शिक्षक आहे, असा धडाच शिकवतात, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं.

मी सही केली. हात थोडा थरथरला.

मग मुलीला सांगितलं, "हो, मी त्याला मारलं. आणि हसलेही होते." ती काही वेळ बोलली नाही. नंतर विचारलं, "आई, त्याचं हृदय किती वेळ चालू होतं?"

मला सांगता आलं नाही. मी आकृती काढत होते.